बिननवरदेवाचा परण्या

फुर्रर्र!

जनावरांच्या बाजारातल्या गलक्यात माझ्या मानेवर कुणीतरी असं केलं. दचकून मागं बघितलं, तर एक शिंगरू. अंगानं काडी, आणि पाय असे लांब की दुसऱ्या कुणाचे मागून आणल्यासारखे. मी गेलो होतो बैल घ्यायला. घरी आलो ते शिंगरू घेऊन. दारात बायको म्हणाली, "ह्यो बैल लई बारीक हाय वो."

किती वर्षं झाली त्याला! पण ती गरम फुंकर अजून माझ्या मानेवर आहे. त्या दिवशी मी मागं वळून बघितलं नसतं, तर परवा भरदिवसा, परक्या गावात, बायकोच्या डोळ्यांदेखत माझी जी शोभा झाली ती टळली असती. सांगतो. पण जरा टेकू द्या. गुडघे आता ऐकत नाहीत. आणि जीभ तर माझी पहिल्यापासूनच सावकाश. आमच्या ईट गावातली माणसं म्हणतात, आबा बोलायला लागला की चहा ठेवावा. उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून झाला तरी आबाचं पहिलंच वाक्य चालू असतं. खोटं कशाला बोलू? तसंच आहे.

तर त्या शिंगराची घोडी झाली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. आणि चांदणीनं सगळी उमर नवरदेव वाहिले. आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून गावातल्या मारुतीला नेतात. नारळ फोडायचा, पाया पडायचं आणि तिथून वाजतगाजत मांडवात. ह्याला आम्ही परण्या म्हणतो. निघायच्या आधी बायका घोडीच्या पायावर पाणी घालतात, कपाळाला हळदीकुंकू लावतात, ओवाळतात. मग घोडी हलते. चांदणीला हे इतकं पाठ झालेलं की माझी गरजच नसायची. मी आपला शोभेला, लगाम धरून.

आणि एक सांगतो, घोड्याला माणसाचं आतलं कळतं. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, डोळ्यानं बघितलंय. एकदा तेरला एका लग्नात नवरदेव सगळ्यांना हसून हात जोडत होता. चांदणी मात्र पाऊल टाकीना. कान मागं, शेपटी आपटतेय, लगाम चावतेय. मी वर बघितलं तर तो पोरगा ओठ न हलवता म्हणाला, "आबा, जरा दमानं घ्या. मला काय घाई न्हाय."

"भ्या वाटतंय व्हय?"

"लई."

मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. म्हटलं, "मलाबी वाटलं व्हतं. अजून वाटतंय."

तो खराखुरा हसला. आणि चांदणी चालायला लागली.

म्हणजे बघा, माणूस वरून एक आणि आतून एक असला की घोडं बिथरतं, हे मला इतकं चांगलं ठाऊक! दुसऱ्यांच्या बाबतीत.

आता ते दिवस गेले. आता नवरदेव जीपच्या टपावर उभा राहून येतो. पुढं डीजे. त्याचा दणका असा, की उभी चांदणी चारी पायांत थरथरायची. मागच्या लग्नसराईत मीच म्हटलं, बास. तिचंही वय झालं, माझंही. चाऱ्याची पेंडी उचलायची तर आधी मनात मारुतीचं नाव घ्यावं लागतं, मग कमरेचं. पोरगा पुण्याला कंपनीत. फोनवर म्हणतो, "आबा, तुमचं तुम्हाला उठवत न्हाय. घोडी कुनाला तरी देऊन टाका."

कुणाला देऊ? एकजण आला होता बघायला. त्यानं चांदणीच्या तोंडाकडं एकदासुद्धा बघितलं नाही. नुसता पाठीवर हात फिरवला. वीटभट्टीवर ओझं वाहायला पाहिजे होती त्याला. मी म्हटलं, घोडी आजारी आहे. तो म्हणाला, दिसत तर न्हाय. मी म्हटलं, मग मी आजारी आहे. गेला एकदाचा.

पण रोज असं किती जणांना घालवणार? मी उद्या आडवा झालो तर बायको काय करणार? म्हाताऱ्या जनावराला सावली मिळावी, वेळेवर पाणी मिळावं, पाठीवर कुणी ओझं टाकू नये. एवढंच मागणं होतं माझं. थकलो होतो हो विचार करकरून.

तेव्हा बब्रू आला. हा बब्रुवान आमच्या गावचा पिकअपवाला. गाडी तेवढी चालवतो, बाकी वेळ तोंड चालवतो. तो म्हणाला, "आबा, धाराशिवपासनं तेरच्या रस्त्याला एका डॉक्टर मॅडमनी घोड्यांचं ठिकान काढलंय. न बोलनारी, धड चालता न येनारी लेकरं येत्यात तिथं. घोड्याला खरारा करत्यात, त्याच्यासंगं फिरत्यात. लेकरांना बरं वाटतं. त्यास्नी म्हातारी, गरीब घोडी पायजे."

"लेकरं बरी व्हत्यात व्हय त्यानं?"

"बरी व्हत्यात म्हनलो न्हाय, आबा. बरं वाटतं म्हनलो."

मॅडमला फोन लावला. आवाज मऊ होता. म्हणाल्या, "घेऊन या. एक सकाळ बघू. लेकरापाशी शांत राहिली, तर कायमची इथंच राहील. पण बिथरली तर मी नाही म्हणेन, आबा. राग मानू नका. लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

राग कसला? उलट मी निर्धास्त झालो. चांदणी आणि बिथरेल? आणि तीही माझ्या हातात? सगळ्या भूम तालुक्यात माझ्याइतका थंड माणूस दाखवा!

पिकअपमध्ये चांदणीला चढवली. बायको पिशवी घेऊन पुढं बसली. मी म्हटलं, "तू कशाला?"

"नवरदेवाची घोडी हाय. तिला वाटं लावायला बाईमानूस नको?"

पिशवीत हळदीकुंकू, नारळ, ताट, सगळं होतं. हिची तयारी नेहमी माझ्यापेक्षा पुढं असते.

ठिकाण नामी होतं. तारेचं कुंपण, मधे मऊ मातीचं मैदान, एका कडेला हिरव्या जाळीचा मांडव, त्याच्या सावलीत आणखी दोन घोडी डोळे मिटून उभी. एक पत्र्याची खोली, एक मोठा कडुलिंब. बघूनच वाटलं, देवा, इथं राहिली तर हिचं सोनं झालं.

चांदणीला गाडीतून उतरवली आणि दोराचे दोन वेढे हाताला घातले. मी म्हटलं, नवी जागा आहे, सुटायला नको.

मॅडम आल्या. वयानं आमच्या पोरापेक्षा लहान. त्यांनी चांदणीला लगेच हात लावला नाही. आधी नुसत्या उभ्या राहिल्या, तिला हुंगू दिलं. मला ते आवडलं. मग म्हणाल्या, "आबा, घोड्याला आपले शब्द कळत नाहीत. तो आपला श्वास ऐकतो, खांदे बघतो, हात कसा आहे ते बघतो. माणूस तोंडानं एक म्हणतो आणि अंगानं दुसरंच, तेव्हा घोडा गोंधळतो."

मी मान हलवली. अहो, हे तर मी कितीतरी नवरदेवांना सांगितलंय!

मग एक मुलगी आली. सई. दुसरी-तिसरीतल्या पोरीएवढी असेल. ती बोलत नव्हती. तिची आई म्हणाली, "कळतं सगळं तिला, आबा. पण कुणी जवळ गेलं की अंग चोरते. माझ्याही कुशीत येत नाही फार. इथल्या घोड्यांना लांबून बघते नुसती. नवीन घोडी येणार म्हटल्यावर आज स्वतःहून चपला घातल्या तिनं." हे सांगताना त्या बाईचा आवाज असा झाला, की मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

सई चार हात लांब उभी राहिली. मी चांदणीचा दोर धरून. मॅडम मधे.

आणि चांदणीनं कान मागं टाकले.

मला खरंच वाटेना! शेपटी आपटली. पाय बदलला. पुन्हा बदलला. दोराला हिसका. सई एक पाऊल मागं सरली.

"काय होतंय हिला?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "ती टोपी." लेकराच्या डोक्यावर ती कडक टोपी होती, पडलं तर लागू नये म्हणून घालतात ती. "हिनं बाशिंगं बघितलीयत, फेटे बघितल्यात. हे पातेलं कधी बघितलं न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "आज बसवायचं नाहीच. नुसतं जवळ उभं राहायचंय." टोपी काढली.

चांदणी तशीच. डोळ्यातलं पांढरं दिसायला लागलं.

"ते चेंडू," मी म्हटलं. मैदानात लाल-पिवळे मोठे चेंडू होते, लेकरांच्या खेळायचे. मॅडमनी स्वतः उचलून नेले.

तरी शेपटी थांबेना.

"बाईंचा पदर फडफडतोय." सईची आई बिचारी पदर खोचून लांब जाऊन बसली.

"गाडी. गाडी बघून तिला वाटतंय परत जायचंय." बब्रूला हाक मारली. तो गाडीच्या टपावर आडवा झालेला. "आबा, आत्ता कुठं डोळा लागला व्हता की!"

"हलीव म्हनतो ना."

गाडी खोलीच्या मागं गेली. चांदणीनं खुरानं माती उकरायला सुरुवात केली. कुंपणापलीकडं एक बाई शेळ्या चारत होती. मी तिला म्हटलं, "अगं ए माय, शेळ्या जरा तिकडं घिऊन जा. आमची घोडी बुजतीय."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेळीला बुजती? आन् मग ती घोडी हाय का ससा?" पण गेली. जाताना जे काय पुटपुटली ते सांगण्यासारखं नाही.

उरली कोण? माझी बायको. लिंबाखाली बसलेली.

"अगं, तू जरा खोलीत जाऊन बस. तुझ्या बोलन्यानं घोडी बावरतीय."

"म्या?" ती उठून उभी राहिली. "सकाळपासनं म्या तोंड उघडलंय का? इचारा मॅडमला. गप बसून गप बसून माझा जबडा दुखाय लागला!"

"हेच. हेच बोलनं."

ती गेली. पण जाताना तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की तिच्यात काहीतरी होतं. मला तेव्हा उलगडलं नाही. संसाराला इतकी वर्षं झाली तरी तिच्या नजरा मला दोन-चार दिवसांनी उलगडतात.

आणि चांदणी? होती तशीच. उलट जास्त. तिच्या मानेवर घाम आला. मॅडमनी घड्याळ बघितलं नाही, पण सईला हळूच आणखी मागं घेतलं. तिथं माझं काळीज तुटलं. आता "नाही" म्हणणार ह्या. मग ती वीटभट्टी.

माणूस घाबरला की अक्कल कुठं जाते कोण जाणे. मला एकदम वाटलं, अरे, हिला ओवाळलं कुठंय! बायकांनी पायावर पाणी घातल्याशिवाय ही आजवर कधी माणसात गेली आहे का? ते राहिलं, म्हणून ही अडून बसली!

मॅडमना सांगितलं. त्यांनी चांदणीचे कान बघितले. मग म्हणाल्या, "तुमच्या घोडीची सवय तुम्हालाच ठाऊक. करू या."

बायकोला पुन्हा बोलावलं. ती ताट घेऊन आली, माझ्याकडं न बघता. मॅडमनी प्लास्टिकच्या मगानं चांदणीच्या पायावर पाणी घातलं. इतक्या शिकलेल्या बाई, चिखलात वाकून! बायकोनं घोडीला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं. परण्याला घोडेवाल्याच्या कपाळालाही कुंकू लावतात, तर सवयीनं तिनं माझ्याही कपाळाला फासलं. आणि खरंच हो, चांदणीचे कान पुढं आले! मान ताठ! मी मॅडमकडं बघितलं. म्हटलं ना?

मॅडम म्हणाल्या, "छान. आता इथंच उभी राहू दे."

इथंच? पाणी घातलं, कुंकू लागलं, ओवाळून झालं. आता चांदणी काय करणार? तुम्हाला कळलं. मला कळलं नव्हतं.

ती निघाली.

मारुतीला!

तिथं जवळच एक वस्ती होती आणि वस्तीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ. येताना गाडीतून मी पाया पडलो होतो. ते हिनं मागून जाळीतून बघून ठेवलं असणार. फाटक उघडंच. बाईसाहेब डौलात बाहेर. दोर मी हाताला वेढे घालून गच्च धरलेला, त्यामुळं मीही बाहेर. "ओ, ओ, चांदणे, हो!" कोण ऐकतंय? ती पळाली नाही हां, तेवढं सांगतो. परण्याची चाल, पाय उचलून उचलून. पण तिच्या त्या चालीला माझ्या गुडघ्यांना धावावं लागत होतं. माझी टोपी एका कानावर आलेली. एक चप्पल रस्त्यात राहिली.

देवळाच्या पारावर चार म्हातारी माणसं बसली होती. एकजण डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "अरं, परण्या आला की! वाजंत्री कुठाय?"

"वाजंत्रीचं सोड. नवरदेव कुठं पडला?"

चांदणी देवळासमोर जाऊन थांबली. अंग सैल सोडून. नवरदेव उतरायची वाट बघत. मी तिच्या शेजारी धापा टाकतोय, तोंडातून शब्द फुटेना. तसाही माझा वेळ लागतो.

एक म्हातारा उठून जवळ आला. माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं, घाम बघितला, अनवाणी पाय बघितला.

"ह्योच दिसतोय नवरदेव," त्यानं मागं वळून सांगितलं. मग मला म्हणाला, "पाव्हनं, जरा उशीरच केला म्हनायचा!"

"आवं, घोडीवर बसला न्हाय का त्यो?"

"चढवत नसंल ह्या वयात."

आणि तेवढ्यात, नशीब बघा, मागून बायको आली. डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात निरांजन अजून जळतंय.

"आरारा! नवरीबी आली मागनं!"

दुसऱ्या कुणाची बायको असती तर लाजून परत फिरली असती. ही दम घेऊन म्हणाली, "आली खरी. पन ह्या नवऱ्याला म्या एकडाव करून बसलीया. दुसऱ्यांदा न्हाय करत."

सगळा पार हसून हसून आडवा झाला. मीसुद्धा हसलो असतो, पण श्वास शिल्लक नव्हता.

बरं, चांदणी परत फिरेल म्हणता? छे! नारळ फुटल्याशिवाय ती कधी हलली आहे? शेवटी बायकोनं पिशवीतला नारळ काढला, त्या म्हाताऱ्यानं फोडला, मी पाया पडलो. मागायचं ते एकच मागितलं, घोडी इथं राहू दे. मारुतीनं काय ऐकलं कोण जाणे. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना मिळाला, चांदणीलाही. "पोरगी कुनाची?" म्हणून एकानं बायकोला विचारलं, ती म्हणाली, "आता माझं तोंड उघडू नका." मग दर्शन झालं तशी चांदणी आपणहून वळली. मारुतीनंतर मांडव, हा तिचा नेम. आणि मॅडमच्या आवारात हिरव्या जाळीचा मांडव होताच. आली तशीच डौलात परत गेली.

फाटकाशी मॅडम, सईची आई, बब्रू. बब्रू खाली बसून पोट धरून हसत होता. सईची आई तोंडाला पदर लावून. सई मात्र कुंपणाशी येऊन उभी होती, दोन्ही हातांनी तार धरून, घोडी कुठं गेली ते बघत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मॅडम, कळलं मला. न्हाय म्हना. मी घिऊन जातो हिला."

मॅडमनी मला पाणी दिलं. पिऊन होईस्तोवर थांबल्या. मग म्हणाल्या, "आबा, टोपी काढली. चेंडू नेले. आई लांब बसल्या. गाडी हलवली. आजींना खोलीत घातलं. शेळ्यासुद्धा गेल्या. पूजाही झाली. आता मैदानात एकच गोष्ट हलवायची राहिली आहे."

मी चारी बाजूंनी बघितलं. मोकळं मैदान. नीट बघितलं. मग दिसलं.

"लिंब तोडायचा म्हनता?" मी विचारलं.

मॅडमनी ओठ घट्ट दाबून धरले. बायको म्हणाली, "अवो, तुमी! तुमाला म्हनत्यात त्या!"

"मी? मला? अगं, माझ्यासारखा थंड माणूस..."

"थंड? हात बघा आपला."

मी हात बघितला. दोर वेढे घालून असा आवळलेला, की बोटं पांढरी पडली होती. सोडायला गेलो तर बोटं उघडेनात. खांदे कानाला लागलेले. किती वेळ झाला होता कोण जाणे. आणि त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला चांदणी, सकाळपासून सगळं ऐकत.

दोर मॅडमच्या हातात दिला. मला पत्र्याच्या खोलीमागं नेऊन बसवलं, जिथं गाडी होती, जिथं मीच सगळ्यांना पाठवलं होतं. बायको येऊन शेजारी बसली. आता ती ओरडेल म्हणून मी तयार होतो. ती हळू म्हणाली, "मनात नसंल तर घिऊन जाऊ माघारी."

"मनात हाय की. सावली हाय, पानी हाय, मानसं बरी हायत."

"त्ये तोंडानं झालं. तोंडाचं कोन इचारतंय?"

 तिनं पदरानं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. जरा जोरातच पुसलं.

खोलीच्या कडेनं मैदान दिसत होतं. मॅडम आता नुसत्या उभ्या होत्या, दोर सैल. चांदणीची मान खाली आली. ओठ लोंबले. एक मागचा पाय तिनं आरामात टेकवून ठेवला, घरी दुपारी ठेवते तसा. सई एक पाऊल पुढं आली. थांबली. आणखी एक. चांदणीनं तोंड पुढं केलं नाही, मागंही घेतलं नाही, नुसती थांबून राहिली. मग सईनं तिच्या मानेला हात लावला. मग गाल लावला. आणि तशीच राहिली.

सईची आई लिंबाखाली रडत होती. आवाज न करता.

मला बरं वाटलं. म्हणजे, बरंच वाटलं. चांदणी माझ्याशिवाय इतकी शांत राहू शकते हे बघून कुणाला बरं वाटणार नाही?

मॅडम येऊन म्हणाल्या, "राहू दे तिला, आबा. तुम्हाला वाटेल तेव्हा या भेटायला. फक्त पहिले काही दिवस थांबा, दोघंही रुळा."

मग काय, मी सूचना द्यायला लागलो. हरभऱ्याची चंदी किती भिजवायची, खरारा कुठल्या बाजूनं सुरू करायचा. आणि मुख्य म्हणजे, "मी नजरंआड झालो की ती दोर तोडंल. खिंकाळंल. रस्त्याला लागंल. मागं मी तुळजापूरला मुक्कामी गेलो, तर पान्याला शिवली न्हाय."

"पानी म्या पाजलं व्हतं," बायको म्हणाली. "बादलीभर पेली."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. "बब्रू, तू एका अंगानं घट्ट धर. अगं, तू दुसऱ्या अंगानं. हयगय नको. जनावराच्या मायेला जोर फार असतो. मॅडम, फाटकाला कडी घाला."

सगळे आपापल्या जागी आले. मी मॅडमकडून दोर घेतला आणि चांदणीच्या कपाळाला कपाळ लावलं. म्हटलं, बोलायचं ते बोलून घ्यावं. "चांदणे," मी म्हटलं, "तुला म्हणून सांगतो, मी जो हा तुला इथं..."

तेवढ्यात सई आली. माझ्यासमोर उभी राहिली. माझं वाक्य व्हायची वाट बघितली तिनं, बरीच बघितली. मग माझ्या हातातून दोर घेतला आणि मांडवाकडं वळली.

चांदणीही वळली.

मी म्हटलं, आता. आता ही थांबेल, मान वळवेल, टापा आपटेल. "धरा!" मी ओरडलो. "घट्ट धरा!"

धरलं की त्यांनी. बब्रूनं डाव्या कोपराला, बायकोनं उजव्या. मी कधी चार पावलं पुढं गेलो होतो मला कळलंच नव्हतं.

"अरं, मला काय धरताय? घोडीला धरा!"

"घोडी कुठं पळतीया, आबा?" बब्रू म्हणाला.

सई पुढं, चांदणी तिच्या मागं, दोर दोघींच्या मधे सैल लोंबत. मांडवाच्या सावलीपर्यंत गेल्या दोघी. एकीनंही मागं वळून बघितलं नाही, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.